मॅझ १८ की इम्पीरियल? घोडबंदरच्या फ्लॅटसाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेंडर ब्लूज ज्युनियर हा अ‍ॅम्प सहा वर्षं वाजवून झाला, गिटार टेलिकास्टर, घर घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर, टू बीएचके. बँड मराठी गाणी करतो. त्यात ढोलकी आहे, कीबोर्ड आहे, गायिका आहे आणि महिन्यातून एखादा कार्यक्रम होतो. आता वरच्या दर्जाचा अ‍ॅम्प घ्यायचाय, पेडलशिवाय फुटणारा (डिस्टॉर्ट होणारा) आवाज हवाय, आणि दोन नावं मनात आहेत. एक डॉ. झी कंपनीचा मॅझ १८, वापरलेला, नातेवाईक अमेरिकेहून आणून देणार. दुसरा टोन किंगचा इम्पीरियल एमके टू. पैसे एकदाच घालायचेत, तेव्हा कोणता?

तुमच्या जागी मी इम्पीरियल घेईन, तोही २३० व्होल्टचा असेल तरच. या उत्तराचं कारण नीट सांगायला हवं, कारण एक-दोन गोष्टी बदलल्या तर माझं उत्तरही बदलेल.

मी ठाण्यात तेवीस वर्षं व्हॉल्व्हची (काचेच्या निर्वात नळ्यांची) उपकरणं दुरुस्त करतोय. सुरुवात काकांच्या हाताखाली रेडिओ आणि रेडिओग्रामवर झाली. ईएल८४ हा व्हॉल्व्ह मी गिटार अ‍ॅम्पमध्ये बघण्याच्या कितीतरी आधी लाकडी रेडिओग्रामच्या पोटात बघितला. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स हे व्हॉल्व्ह एकेकाळी बनवायची. गिटार मी त्याच सुमाराला हातात घेतली. अ‍ॅम्प निवडण्यातली सगळ्यात महाग चूकही मी स्वतः केली. दोन ईएल३४ व्हॉल्व्ह असलेला ५० वॉटचा एक देखणा हेड (आत स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) घेतला आणि नौपाड्यातल्या घरात त्याचा व्हॉल्यूम दोनच्या वर कधी गेला नाही. दोनवर तो अ‍ॅम्प म्हणजे झोपलेला हत्ती. दीड वर्षाने तोट्यात विकला. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारतो: आठवड्यातले बहुतेक दिवस तुमच्या व्हॉल्यूमचा काटा कुठे उभा राहणार आहे? व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, हाताने केलेलं वायरिंग, हे सगळं त्या काट्याच्या मागून येतं.

आधी वॉटचा गैरसमज दूर करू. ब्लूज ज्युनियर १५ वॉटचा, मॅझ १८ चा, इम्पीरियल २० चा. आकडे चढत्या क्रमाने दिसतात, पण कानाला ते एकच आहेत. पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. १५ वरून १८ वॉटला गेलात तर पाऊण डेसिबलच्या आसपास फरक पडतो. म्हणजे हे दोन्ही अ‍ॅम्प तुमच्या आत्ताच्या अ‍ॅम्पपेक्षा जोरात नाहीत आणि घरासाठी हळूही नाहीत. सेलेस्टियन ग्रीनबॅकसारखा स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ९८ डेसिबल देतो. त्यात १८ वॉट घाला, ११० च्या वर जाता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. भिंती आणि बंद खिडक्या बरंच गिळतात, तरी हे अंतर त्या भरून काढणार नाहीत. शिवाय स्लॅबमधून खालच्या घरात उतरणारा खर्ज वेगळाच. अ‍ॅम्प थेट लादीवर ठेवू नका. लाकडी खुर्ची आणि तिच्याखाली जाड फोम एवढ्यानेही खालच्यांच्या कपाळावरची आठी कमी होते.

आता खरी गोष्ट. या जातीच्या अ‍ॅम्पसाठी लोक पैसे मोजतात ते पॉवर व्हॉल्व्ह आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर कामाला लागल्यावर येणाऱ्या आवाजासाठी. आवाज काठावर येतो, हळूच फुटायला लागतो आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की पुन्हा स्वच्छ होतो. बोटांचा जोर अ‍ॅम्पला कळतो. मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून हे मिळत नाही. त्याने फक्त पुढच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये आवाज फुटतो, मागचे पॉवर व्हॉल्व्ह आरामात बसून राहतात. मॅझ १८ ला मास्टर आहे आणि चांगला आहे, पण तो मास्टरच आहे. इम्पीरियल एमके टू मध्ये अ‍ॅटेन्युएटर आतच बसवलाय, दोन्ही चॅनलला वेगवेगळा. तो आऊटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्या मधे बसतो. व्हॉल्व्ह पूर्ण ताकदीने काम करतात आणि बरीचशी ऊर्जा स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच उष्णता होऊन जाते. २० वॉटमधून २४ डेसिबल काढून टाका, उरतात वॉटचे आठ शतांश. ९८ डेसिबलच्या स्पीकरवर हे एक मीटरला ८७ च्या आसपास पडतं. दार लावून, दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांना सांगून वाजवता येईल असा हा आवाज.

अ‍ॅटेन्युएटरबद्दल दोन गोष्टी खऱ्याखऱ्या सांगतो, कारण विकणारे त्या सांगत नाहीत. पहिली, आवाज कमी झाला तरी पॉवर व्हॉल्व्ह पूर्णच झिजतात. घरी रोज दोन तास काठावर वाजवलंत तर दीड-दोन वर्षांत जोडी बदलावी लागेल असं धरून चाला. दुसरी, कितीही उत्तम अ‍ॅटेन्युएटर असला तरी फार खाली गेल्यावर आवाज पातळ वाटतो. यात दोष अ‍ॅटेन्युएटरचा कमी आणि आपल्या कानाचा जास्त. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं की हळू आवाजात माणसाला खर्ज आणि तार कमी ऐकू येतात. शिवाय स्पीकरचा कागद हलायला थोडा जोर लागतो, तो हळू आवाजात मिळत नाही. म्हणून पहिले १०-१२ डेसिबल कापताना आवाजाच्या पोतात फारसा फरक जाणवणार नाही, ३० च्या पुढे नक्की जाणवेल.

दोन्ही अ‍ॅम्पच्या स्वभावाकडे येऊ. मॅझमध्ये दोन ईएल८४, इम्पीरियलमध्ये दोन ६व्ही६. मी यांना दोन घराणी म्हणतो. ईएल८४ चं घराणं व्हॉक्स एसी१५, एसी३० चं: वरच्या मधल्या भागात धार, तारेचा झणत्कार, आणि फुटताना आवाज लवकर दाटतो. ६व्ही६ चं घराणं फेंडर डिलक्सचं: गोल, थोडं मऊ, स्वच्छ आवाजात भरपूर जागा. माईक झाइट हे मॅझचे जनक. क्लीव्हलँडजवळच्या कारखान्यात त्यांचे अ‍ॅम्प बनतात. ब्रॅड पेस्लीसारखा टेलिकास्टरवाला त्यांचे अ‍ॅम्प वाजवतो, त्यामुळे टेलिकास्टरला मॅझ जमतो का, हा प्रश्न मी घेतच नाही. जमतो, आणि सुंदर जमतो. टोन किंग मार्क बार्टेल यांनी उभी केली. इम्पीरियलच्या ऱ्हिदम चॅनलचा रोख साठच्या दशकातल्या काळ्या पॅनलच्या फेंडरकडे, तर लीड चॅनलचा त्याआधीच्या ट्वीड फेंडरकडे आहे. लीडवर मिड-बाईट नावाचा एक नॉब आहे. तो फिरवला की खर्ज आवरतो आणि मधला भाग पुढे येतो. या नॉबवर पुढे पुन्हा येतो, तुमच्या बँडसाठी तोच सगळ्यात कामाचा आहे.

मॅझबद्दल एक दावा तुम्हाला जागोजागी ऐकायला मिळेल: व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा व्हॉल्व्ह) आहे, म्हणून तो स्पंजासारखा दबतो. अर्धं खरं. मॅझमध्ये जीझेड३४ आहे. डेटाशीटप्रमाणे तो २२५ मिलिअँपिअरला फक्त १७ व्होल्ट खातो. जुन्या ट्वीड फेंडरमधला ५वाय३ १२५ मिलिअँपिअरलाच ६० व्होल्ट खातो. दबण्याची खरी मजा त्या ५वाय३ ची. मॅझला बोटाखाली जे लवचिक वाटतं ते बरंचसं ईएल८४ आणि कॅथोड बायसमुळे (बायस म्हणजे व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवणं). जोरात वाजवलं की कॅथोडवरचा व्होल्टेज चढतो, व्हॉल्व्ह स्वतःला आवरतो. तसंच ‘क्लास ए’ या शब्दाचं. त्याचा अर्थ दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह पूर्ण वेळ चालू राहतात. एसी३० पासून ही पाटी लावली जाते, पण पूर्ण जोरात हे अ‍ॅम्प क्लास एबीमध्येच जातात, म्हणजे व्हॉल्व्ह काम आळीपाळीने वाटून घेतात. पाटी वाचून पैसे देऊ नका.

तुमच्या बँडमध्ये ढोलकी आहे हे वाचल्यावर मला उत्तर लिहावंसं वाटलं, कारण परदेशी चाचण्या ड्रम आणि बासच्या बँडमध्ये केलेल्या असतात. ढोलकीची चाटी थेट कानात घुसते, तिचा कडकडाट वरच्या मधल्या भागात असतो. धुम्मा खालची जागा घेतो. कीबोर्डवर हार्मोनियम किंवा स्ट्रिंग्ज लावल्या की सगळा मध्यम भाग भरून जातो, आणि गायिकेचा आवाज त्याच्या वर उभा असतो. काळ्या पॅनलच्या फेंडर घराण्याच्या टोन सर्किटमध्ये ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा असतो. घरी एकट्याने वाजवताना तो खड्डा कानाला गोड लागतो, कार्यक्रमात नेमक्या त्याच खड्ड्यात गिटार बुडते. तुम्ही आवाज वाढवता, साऊंडवाला कमी करतो, आणि रात्री घरी येताना वाटतं की अ‍ॅम्पच बेकार आहे. मॅझ या बाबतीत तुम्हाला बँडमध्ये लगेच खूश करेल. त्याला मिडचा वेगळा नॉब आहे आणि ईएल८४ आपोआप पुढे येतो. मात्र टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप, ईएल८४ आणि ढोलकीची चाटी हे तिघे एकाच जागी भांडतात, तेव्हा तिथे कट नॉबला हात लावायला शिकावं लागेल. व्हॉक्समध्ये हा नॉब पुढे फिरवला की तार कमी होते आणि नवीन माणूस हमखास उलटा फिरवतो. इम्पीरियल घेतलात तर कार्यक्रमात साथीसाठीसुद्धा ऱ्हिदम चॅनलचा मोह सोडा. लीड चॅनल स्वच्छ आवाजावर ठेवा, मिड-बाईट अर्ध्यावर आणा, आणि मग कीबोर्डच्या मधून गिटार ऐकू येते का बघा. कीबोर्डवाल्याला डावा हात हलका ठेवायला सांगा. एवढ्याने कधी कधी लाखाचं काम होतं.

आता विजेचा विषय. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या टेबलावर येणारे महागडे अ‍ॅम्प आवाजाच्या दोषामुळे फारसे येत नाहीत, जळून येतात.

अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. नातेवाईक मॅझ आणणार असतील तर विमानात चढवण्याआधी मागच्या पत्र्याचा फोटो मागवा. त्यावर १२० सोबत ५०/६० हर्ट्झ लिहिलंय की फक्त ६०? हा किरकोळ तपशील नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशोबाने वाढतं. तेवढ्याच व्होल्टेजला ६० ऐवजी ५० हर्ट्झ दिले तर ते २० टक्के वाढतं. फक्त ६० साठी काटेकोर बनवलेला ट्रान्सफॉर्मर मग तापतो, गुणगुणतो, आणि मे महिन्यात बंद खोलीत एखाद्या दिवशी वास सोडतो. काही ट्रान्सफॉर्मरना आतमध्ये २३० किंवा २४० चे टॅप (तेवढ्या व्होल्टेजसाठी काढलेल्या वेगळ्या वायरी) असतात. तसं असेल तर कुठलाही चांगला टेक्निशियन तासाभरात ते बदलून देईल आणि स्टेप-डाऊनची (बाहेरून व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) कटकटच संपेल. हे बनवणाऱ्या कंपनीला सिरियल नंबर कळवून विचारा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

टॅप नसतील तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. या अ‍ॅम्पना दीडशे वॉटच्या आत वीज लागते, पण ३०० व्हीएच्या खालचा घेऊ नका, ५०० असेल तर उत्तम. तो हातात जड लागला पाहिजे. प्रवासात केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसतात. ते विजेची लाट कापून देतात आणि त्यावर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लावणं म्हणजे त्याला विष देणं. तिसरी पिन, म्हणजे अर्थ, आरपार जोडलेली आहे का हे मल्टिमीटर लावून तपासा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टेप-डाऊनचं गुणोत्तर. ठाण्यात रात्री उशिरा भार कमी झाला की काही इमारतींत मी २५० व्होल्ट मोजलेत. स्टेप-डाऊन २३० ला १२० देणारा असेल तर २५० ला तो १३० देईल. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे वरची मर्यादा ६.९ च्या जरा वर. १३० वर हीटर ६.८ च्या पुढे जातो, अगदी कड्यावर. प्लेटचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो, आणि ईएल८४ साठी डेटाशीट ३०० व्होल्टच सांगते. गिटार अ‍ॅम्प बनवणारे आधीच त्याच्या पुढे जातात, त्यावर आपण आणखी ओझं टाकतो. म्हणून स्टेप-डाऊन २३० ला ११५ देणारा घ्या. मग २३० ला हीटर सहाच्या वर राहतो, २५० ला साडेसहाच्या आसपास. दोन्ही टोकांना सुरक्षित. थोड्या कमी व्होल्टेजमुळे गाभ्यालाही थोडी उसंत मिळते. हाच हिशोब २३० व्होल्टच्या इम्पीरियललाही लावा. मागे किंवा आत २४० चा पर्याय असेल तर तो निवडा. आपल्या भागात २४० ची सेटिंग बहुतेक वेळा खरी ठरते. आपल्या घरात सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अकराला आठवडाभर व्होल्टेज मोजून वहीत लिहा. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर लाखांचा अ‍ॅम्प वाचवतो.

एकदा एका गृहस्थांनी अमेरिकेचा अ‍ॅम्प थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला. फ्यूज उडाला. तिथेच थांबले असते तर पन्नास रुपयांत सुटले असते. त्यांनी फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. पॉवर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटर तिन्ही गेले. माझ्याकडे आला तेव्हा त्या पेटीतून जळक्या वार्निशचा वास येत होता. तो वास आजही माझ्या नाकात आहे. फ्यूज उडाला तर तेवढ्याच आकड्याचा एक बदलून बघायचा. दुसरा उडाला तर अ‍ॅम्प बंद आणि टेक्निशियनकडे. स्वतः मागचा पत्रा उघडून आत बोट घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट बसून असू शकतात. आणि स्पीकरची वायर न लावता अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानेच मरतो.

आता तुलना कशी करायची. तुमची अडचण अशी की मॅझ परदेशात आहे, इम्पीरियल कदाचित दुकानात मिळेल, दोन्ही शेजारी ठेवून ऐकायला मिळणं कठीण. व्हिडिओ बघून ठरवू नका. तिथे तुम्ही मायक्रोफोन, खोली आणि त्या वादकाचे हात ऐकता. त्याऐवजी घराण्यांची परीक्षा घ्या. रबाळे, महापे, वाशी किंवा मुलुंडकडची तासावर मिळणारी जॅमरूम गाठा, जिथे फेंडर डिलक्स रिव्हर्ब आणि व्हॉक्स एसी१५ दोन्ही मिळतील. नसतील तर दोन मित्रांकडून एकेक मागा. डिलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६ ची जोडी, एसी१५ मध्ये ईएल८४ ची. इम्पीरियल आणि मॅझची ही चुलत भावंडं. इथे हात कुठे रमतो ते कळलं की अर्धा निर्णय झाला.

त्या दिवशी स्वतःची टेलिकास्टर, स्वतःची केबल आणि एक लूपर पेडल (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं) न्या. केबलही तीच हवी, कारण लांब केबल तार खाते आणि दोष अ‍ॅम्पवर जातो. दोन्ही अ‍ॅम्प चालू करून अर्धा तास तापू द्या, थंड अ‍ॅम्पवरचा निकाल धरायचा नाही. मग लूपरमध्ये आठ मात्रांचा एक तुकडा भरा, कॉर्ड आणि सिंगल नोट दोन्ही असलेला, आणि तोच तुकडा आळीपाळीने दोन्ही अ‍ॅम्पमधून सोडा. वाजवणारा हात तोच राहिला की फरक अ‍ॅम्पचाच उरतो. त्याआधी मोबाइलचं आवाज मोजणारं अ‍ॅप एका मीटरवर ठेवून दोन्हींची पातळी सारखी करा. हे न केलेली तुलना मी मानतच नाही. एक-दीड डेसिबल जोरात असलेला अ‍ॅम्प प्रत्येकाला ‘जास्त खुला’, ‘जास्त थ्रीडी’ वाटतो. मी स्वतः फसलोय, आणि चांगले चांगले वादक माझ्यासमोर फसलेत. शक्य असेल तर दोन्ही अ‍ॅम्प एकाच बाहेरच्या कॅबिनेटमधून ऐका, इम्पीडन्स (स्पीकरचे ओहम) जुळवून आणि अ‍ॅम्प बंद करून वायर बदलत. खूपदा जो फरक व्हॉल्व्हचा वाटतो तो निव्वळ स्पीकरचा निघतो.

लूपर झाला की तो काढा आणि हाताने वाजवा. लूपर एक गोष्ट सांगू शकत नाही: अ‍ॅम्प तुमच्या गिटारच्या व्हॉल्यूमला कसं उत्तर देतो. काठावरचा आवाज लावा आणि गिटारचा नॉब हळूहळू खाली आणा. आवाज स्वच्छ होताना मरतो की जिवंत राहतो? तर्जनीने हलकं आणि मग जोरात वाजवा. शेवटी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही घरी वाजवता त्या पातळीवर दोन्ही अ‍ॅम्प आणा आणि तिथे वीस मिनिटं वाजवा. जॅमरूममध्ये लाज वाटते इतकं हळू वाजवायला, पण वर्षातले तीनशे दिवस तुम्ही तसंच वाजवणार आहात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांचा आवडता अ‍ॅम्प या वीस मिनिटांत बदललाय.

या सगळ्याच्या आधी ब्लूज ज्युनियरला एक संधी द्या. हा अ‍ॅम्प कारखान्यातून गरम बायसवर (व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह जास्त ठेवून) येतो आणि आतमध्ये बायस बदलायचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) नसतो, एक रेझिस्टर बदलून तो थंड करता येतो. सहा वर्षांत ईएल८४ थकले असतील, ते बदला. व्हॉल्व्हचे सॉकेट ज्या छोट्या पट्टीवर असतात तिच्या रिबन केबलचे सांधे सुटले असतील तर खरखर तिथूनच येते. आणि स्पीकर बदला. २५ वॉटचा ग्रीनबॅक १५ वॉटच्या या अ‍ॅम्पला पुरेसा आहे, मधला भाग भरून देतो आणि १०० डेसिबलवाल्या व्हिंटेज ३० पेक्षा थोडा हळूही आहे. या दुरुस्तीनंतर महिनाभर वाजवा. त्यानंतरही नवीन अ‍ॅम्प हवाच असं वाटलं, तर तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय हे तुम्ही शब्दांत सांगू शकाल, आणि हा स्पीकर पुढे बाहेरच्या कॅबिनेटमध्ये कामाला येईल. मला तरी वाटतं, तुमचं उत्तर ‘घरी तो काठावरचा आवाज’ असंच येईल, कारण प्रश्नात तुम्ही दोनदा लिहिलंय की पेडलशिवाय फुटणारा आवाज हवा.

पैशांचा हिशोब करताना परदेशी किमतीवर थांबू नका. सीमाशुल्क धरा, वापरलेली वस्तू म्हणून ते आपोआप माफ होत नाही. त्यावर स्टेप-डाऊन, पहिली तपासणी, व्हॉल्व्हचा एक जादा संच. १२एएक्स७ (पुढचा छोटा व्हॉल्व्ह), ईएल८४ आणि ६व्ही६ हे तिन्ही आजही स्लोव्हाकिया आणि रशियात बनतात, त्यामुळे व्हॉल्व्ह मिळण्याच्या बाबतीत दोन्ही अ‍ॅम्प बरोबरीचे. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र विकत घेण्याआधी आतला फोटो बघाच: पॉट आणि सॉकेट चेसिसला घट्ट बसवलेत की बोर्डवर सोल्डर केलेत? चेसिसवर असतील तर वीस वर्षांनीही मी किंवा माझ्यानंतरचा कोणीही ते नीट करू शकेल.

पावसाळ्याबद्दल थोडंसं. जून ते सप्टेंबर, खाडीकडून वारा येणाऱ्या तुमच्या इमारतीत, अ‍ॅम्प प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. सुती कापड टाका. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, तापून ओल निघून जाते. जॅक आणि व्हॉल्व्हच्या पिना वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या. कार्यक्रमाहून एसी गाडीतून आल्यावर अ‍ॅम्प लगेच चालू करू नका, काचेवर दव धरतं तसं आतही धरतं.

माझं उत्तर कधी बदलेल तेही सांगतो. तुमच्या बँडला स्वतःची जॅमरूम मिळाली, आठवड्यातून दोनदा मोकळेपणाने वाजवायला लागलात आणि मॅझच्या ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप निघाला, तर मी मॅझ घ्या म्हणेन, विचार न करता. अर्धा उघडलेला मॅझ आणि टेलिकास्टर हा आवाज मी वाशीला एकदा एका बंद हॉलमध्ये ऐकलाय. वाजवणारा थांबल्यावरही आम्ही तिघे-चौघे काही बोललो नाही. पण चौदाव्या मजल्यावर तो आवाज तुम्हाला कधी बाहेर काढता येणार नाही. तेव्हा नातेवाइकांना आजच फोन करा आणि त्या पत्र्याचा फोटो मागवा. त्यावर फक्त ६० हर्ट्झ असेल आणि आत टॅप नसतील, तर मॅझचा विषय तिथेच सोडा आणि इम्पीरियल २३० व्होल्टमध्ये कुठे मिळतो ते शोधायला लागा.